मुलांच्या पुस्तकांतील चित्रे

वाचकहो, आपण आयुष्यात हाती घेतलेले पहिले सचित्र पुस्तक कोणते, असे विचारले तर कोणी 'चांदोबा' म्हणेल, कोणी 'किशोर' म्हणेल. पण जरा आणखी मागे जाऊन आठवून पाहा. त्याच्याही आधी एक पुस्तक आपल्या हाती आले होते. ते म्हणजे अंकलिपी. पातळ कागदाची, भडक पुठ्ठ्याची, आठवडी बाजारात किंवा एस. टी. स्टँडावर मिळणारी. 'अ' अननसाचा, 'ऐ' ऐरणीचा असे सांगणारी. तिला आपण चित्रांचे पुस्तक म्हणून कधी मोजत नाही. अक्षरे शिकलो की ती फाटते, हरवते आणि विसरूनही जाते. माझे मात्र या विषयाकडे लक्ष गेले ते एका अंकलिपीमुळेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या बीड जिल्ह्यातील, बालाघाटच्या डोंगराळ भागातील एका शाळेत मी गेलो होतो. तिथले गुरुजी माझे स्नेही. दिवाळी होऊन गेलेली. गावातली निम्मी घरे कुलूपबंद, कारण माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली. त्यांची काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहिली होती. त्यांच्यातल्या सहा-सात वर्षांच्या एका मुलापुढे मी अंकलिपी धरली आणि अननसावर बोट ठेवले. "हे काय आहे रे?"

तो विचार करून म्हणाला, "कणीस हाय."

"कशाचं?"

"काय की!"

अननस त्याने कधी पाहिलाच नव्हता, तेव्हा त्याचे उत्तर वाईट नव्हते. मग मी 'ऊ' अक्षरापाशी आलो. इथे तरी अडायला नको, असे मला वाटले. त्याने चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाला, "बांबू."

"अरे, ऊस आहे तो," गुरुजी म्हणाले.

मुलाला हे काही पटेना. "ऊस कुठला, सर? ह्याला वाढं कुठंय?"

मी पुन्हा पाहिले आणि चकित झालो. चित्रात पेऱ्यापेऱ्याच्या दोन कांड्या तेवढ्या होत्या. शेंड्याचा हिरवा झुपका, म्हणजे वाढे, मुळीच नव्हते. चित्रकाराने ऊस पाहिला असेल तो रसवंतीवर. या पोराने तो फडात पाहिला होता. मागचा हंगाम त्याने आईबापांबरोबर कोपीवर काढलेला. आई वाढ्याच्या पेंढ्या बांधते आणि त्या वैरणीला विकल्या की चार पैसे सुटतात, हे त्याला ठाऊक होते. वाढ्याशिवाय ऊस त्याच्या जगात नव्हताच.

त्या मुलाला अजून अक्षर येत नव्हते, पण चित्र वाचता येत होते. नुसते वाचता येत होते असे नाही, चित्रातली चूकही त्याने काढली होती. ज्याला आपण निरक्षर म्हणतो ते मूल चित्राच्या बाबतीत किती चोखंदळ वाचक असते, हे त्या दिवशी मला कळले. मुलांच्या पुस्तकातले चित्र म्हणजे मजकुराशेजारची शोभा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते मुलाचे पहिले वाचन असते. म्हणूनच ते कसे घडते, हे आईबापांनी आणि शिक्षकांनी थोडेफार जाणून घेणे बरे.

चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत आपल्याकडे छापखान्याहून जुनी आहे. आमच्या गेवराई तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण दूर नाही. त्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे आणि एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून कथा गायची. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंतांनी ही कला आजही जिवंत ठेवली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली 'पद्मश्री' मिळाली. या चित्रांतील माणसांचे डोळे पाहा. चेहरा एका बाजूने काढलेला, पण डोळा मोठा आणि टपोरा. रात्री दिव्याच्या उजेडात, मागे बसलेल्या माणसालाही पात्र कुणाकडे पाहते आहे ते कळावे, अशी ती रचना. चित्र कोण पाहणार आणि कोठून पाहणार याचा विचार त्या कलावंतांनी आधी केला होता. बालपुस्तकाच्या चित्रकाराचाही पहिला धडा हाच.

युरोपात कोमेनियस नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रमय पाठ्यपुस्तक काढले. चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले आणि तेच आकडे खालच्या शब्दांना. आपल्याकडे १८७८ मध्ये पुण्यास चित्रशाळा निघाली आणि छापील रंगीत चित्रे घरोघरी गेली. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक काढले. पुढे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) या गोव्यात जन्मलेल्या दोघा चित्रकारांनी मुखपृष्ठांतून आणि दिवाळी अंकांतून मराठी घरांना चित्रांची गोडी लावली. १९५२ पासून मद्रासहून मराठीत 'चांदोबा' येऊ लागला. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला विक्रम राजा डोळ्यांपुढे आला, की शंकर या नावाने चित्रे काढणारे के. सी. शिवशंकरन् (१९२४–२०२०) आठवतात. तो 'चांदोबा' आता बंद पडला आहे. बालभारतीचे 'किशोर' मात्र नोव्हेंबर १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

हा झाला इतिहास. आता चित्रकाराच्या टेबलाशी जाऊन बसू या. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. तीच घेऊ.

पहिला प्रश्न येतो प्रसंग कोणता निवडायचा हा. गोष्टीत घटना पुष्कळ आणि पाने मोजकी. म्हातारीला वाघ भेटला, हा प्रसंग तर हवाच. पण वाघाने पंजा उगारला तो क्षण काढायचा, की झाडाआडून नुसते त्याचे शेपूट दिसते आहे आणि म्हातारी आपल्या नादात चालली आहे, तो क्षण? जाणता चित्रकार बहुधा दुसरा निवडतो. कारण त्यात मुलाला काम मिळते. म्हातारीला जे दिसत नाही ते मुलाला दिसते, आणि "आजी, मागे बघ!" असे ते पुस्तकावर ओरडते. पुढे काय झाले हे पाहण्यासाठी पान उलटावेसे वाटले पाहिजे. पान उलटणे हे चित्रकाराच्या हातातले मोठे साधन आहे. प्रश्न एका पानावर ठेवायचा आणि उत्तर मागच्या पानावर.

दुसरा प्रश्न, चित्र कोठून पाहायचे? चित्रकार जमिनीलगत बसल्यासारखा पाहू लागला, तर वाघ डोंगराएवढा दिसतो आणि म्हातारी केविलवाणी. तो झाडावर चढून पाहू लागला, तर वाघ, म्हातारी, वाट आणि दूरचे लेकीचे घर असे सारे एका नजरेत येते, आणि भीती ओसरते. घटना तीच, पण नजर बदलली की भावना बदलते. लहान मूल जगाकडे खालून पाहते, त्याला टेबलाची खालची बाजू ठाऊक असते, हे ज्याच्या ध्यानात राहते तोच मुलांचा चित्रकार.

तिसरी गोष्ट दिशेची. आपण मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यामुळे उजवीकडे तोंड करून चालणारे पात्र पुढे चालल्यासारखे वाटते, आणि डावीकडे तोंड केलेले परतल्यासारखे. म्हातारी लेकीकडे जाताना उजवीकडे चालेल. भोपळा घरी परतताना डावीकडे घरंगळेल. एकही शब्द न लिहिता जाणे आणि येणे सांगून होते. मुलाला हा नियम कोणी शिकवत नाही, पण पाने चाळता चाळता तो त्याच्या अंगवळणी पडतो.

चौथी गोष्ट सातत्याची. पहिल्या पानावर म्हातारीचे लुगडे हिरवे असेल तर शेवटच्या पानापर्यंत ते हिरवेच राहिले पाहिजे. तिच्या काठीला उजव्या बाजूने गाठ असेल तर ती तशीच हवी. म्हणून चित्रकार आधी एका कागदावर म्हातारी समोरून, पाठमोरी, बसलेली, हसणारी, घाबरलेली अशी काढून ठेवतो आणि मग पुस्तकाला हात घालतो. मोठी माणसे असल्या चुका पाहत नाहीत. मुले हटकून पाहतात आणि विश्वास गमावतात.

पाने किती, हेही चित्रकाराच्या मर्जीवर नसते. कागदाचा मोठा ताव छापून तीन घड्या घातल्या की सोळा पाने होतात. छापखान्यात त्याला फर्मा म्हणतात. म्हणून मुलांची पुस्तके बहुधा सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात. चित्रकार आधी कोऱ्या कागदांची तेवढ्याच पानांची छोटी वही शिवतो, तीत पेन्सिलीने सगळी गोष्ट ओबडधोबड रेखाटतो आणि पाने उलटून पाहतो. या वहीला डमी म्हणतात. गोष्ट कोठे रेंगाळते, कोठे धावते, मजकुराला जागा कोठे ठेवायची, हे सारे त्या डमीत ठरते. रंग त्यानंतर.

आता साधनांकडे वळू. सर्वांत जुने आणि स्वस्त साधन म्हणजे रेषा. टाकाची रेषा बारीक आणि नेमकी, कुंचल्याची रेषा जाड-बारीक होणारी आणि लवचीक. रेषेने नुसता आकार कळतो असे नाही, स्वभावही कळतो. १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील भोज गावी जन्मलेले शि. द. फडणीस यांनी शब्दावाचून हसवणारी चित्रे काढली. तीच हसरी रेषा त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातही नेली. गणिताला घाबरणारे मूल चित्र पाहून आधी हसले, म्हणजे गणित निम्मे सोपे झाले असे समजावे.

जलरंगात रंग पातळ असतो आणि खालचा कागद त्यातून उजळतो. म्हणून पाऊस, धुके, पहाट त्याला चांगली साधते. मात्र हात चुकला की दुरुस्ती कठीण. 'तोत्तोचान' हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्यातील चित्रे जपानच्या चिहिरो इवासाकी (१९१८–१९७४) यांची. ओलसर रंग कागदावर पसरू देऊन त्या मुलांचे चेहरे अगदी थोडक्यात काढतात, आणि उरलेले आपण मनाने भरतो. पोस्टर रंग याच्या उलट, जाड आणि सपाट. जत्रा, पतंग, बैलांच्या झुली यांना तो शोभतो. मुळगावकरांनी फवाऱ्याने रंग उडवण्याचे तंत्र वापरून त्वचेला आणि आकाशाला मुलायम छटा दिल्या. चौथी रीत चिकटकामाची. अमेरिकेतील एरिक कार्ल पातळ कागद आधी रंगवीत, मग कापून चिकटवीत. १९६९ साली त्यांनी याच रीतीने एका खादाड सुरवंटाचे पुस्तक केले आणि सुरवंटाने खाल्लेल्या फळांना खरोखरीची भोके पाडली. मूल त्या भोकात बोट घालते, म्हणजे पुस्तक ते डोळ्यांबरोबर बोटांनीही वाचते.

साधन कोणते निवडायचे, हे पूर्वी चित्रकारापेक्षा छापखानाच अधिक ठरवी. खिळे जुळवून छापण्याच्या काळी चित्राचा ब्लॉक करावा लागे. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, रेषा सोडून बाकीचा भाग तेजाबाने खाऊ द्यायचा आणि उठून राहिलेला पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. स्वस्त, खरबरीत कागदावर बारीक रेषा तुटत किंवा भरून जात. म्हणून त्या काळच्या चित्रांत ठसठशीत रेषा आणि काळ्या-पांढऱ्याचा धीट मेळ दिसतो. अडचणीतूनच ती शैली आली. आता ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच शाया असतात. आपल्याजवळ भिंग असेल तर एखाद्या रंगीत पानावर धरून पाहा. हिरवे पान हिरवे नसून निळ्या-पिवळ्या ठिपक्यांची दाटी आहे, असे दिसेल. मुलांना हे जरूर दाखवा. त्यांना जादू उलगडल्याचा आनंद होतो.

आज पुष्कळ चित्रकार काचेच्या पाटीवर विजेच्या लेखणीने चित्र काढतात. चुकले तर पुसता येते, रंग क्षणात बदलता येतो. साधन म्हणून ते उत्तमच. धोका आहे तो आयत्या चित्रांचा. तेच गोबरे मूल, तेच कौलारू घर, तेच सफरचंदाचे झाड उचलायचे आणि प्रत्येक पुस्तकात चिकटवायचे. आता तर नुसते वर्णन लिहिले की संगणक स्वतःच चित्र करून देतो. पण बिचाऱ्याने ऊस रसवंतीवरसुद्धा पाहिलेला नसतो!

चित्र आणि शब्द यांचे नाते हा या कलेचा सर्वांत नाजूक भाग. 'म्हातारी चालली' असे शब्द असतील आणि चित्रात म्हातारी नुसती चालत असेल, तर दोघांपैकी एकजण रिकामा बसला आहे असे समजावे. शब्दांनी सांगितलेले नाही ते चित्राने सांगावे. मॉरिस सेंडॅक यांनी १९६३ मध्ये एका रागावलेल्या मुलाच्या कल्पनेतल्या राक्षसांचे पुस्तक केले. त्यात मूल कल्पनेत जसजसे शिरते तसतशी चित्रे पानावर मोठी होत जातात. शेवटी तर शब्दांना जागाच उरत नाही. मग मूल घराकडे निघते तशी शब्दांची जागा परत येते.

मराठीत हे भान ठळकपणे दिसते ते माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत. मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि नंतर पॅरिसला चित्रकला शिकून आलेल्या या लेखिका आपली चित्रे आपणच काढतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेले त्यांचे 'राधाचं घर' पाहा. घर म्हणजे चार माणसे आणि रोजचे व्यवहार. त्यात राजा नाही, राक्षस नाही. तरी मूल ते पुन्हा पुन्हा मागते, कारण ते त्यात स्वतःला ओळखते. त्यांच्या आणखी एका पुस्तकाचे नावच 'चित्रवाचन' आहे. चित्र वाचायचे असते, हे त्या नावातच आले. २०१६ साली त्यांना बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला.

आणि इथे मी पुन्हा आमच्या डोंगरातल्या शाळेकडे येतो. शहरातल्या मुलाला आपले घर पुस्तकात भेटू लागले, ही आनंदाची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातल्या मुलाला ते अजून क्वचितच भेटते. त्याच्या पुस्तकातली शेते नेहमी हिरवीगार, नदीला नेहमी पाणी, आई नेहमी स्वयंपाकघरात आणि बाबा वर्तमानपत्र वाचत असलेले. कोपी त्यात नाही. पहाटे थंडीत मोळ्या वाहणारी आई नाही. उन्हाळ्यातली टँकरपुढची घागरींची रांग नाही. दारिद्र्याची प्रदर्शने मांडा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कोपीतही हसणे असते, टायरगाडीवर उसाच्या ढिगावर बसून जाण्यात मौज असते, आणि डोंगरातली सीताफळे तर कोणत्याही अननसाला हार जाणार नाहीत. पण ज्या मुलाला आपले जग पुस्तकात कधीच दिसत नाही, त्याची हळूहळू अशी समजूत होते की पुस्तक ही दुसऱ्यांची वस्तू आहे. ही समजूत एकदा रुजली की पुढे शाळा सुटायला फार निमित्त लागत नाही. महाविद्यालयात शिकवताना, वर्गाच्या शेवटच्या बाकावर, ती समजूत वागवीत बसलेली मुले मी पाहतो.

मग आपण काय करावे? पुस्तक घेताना गुळगुळीत कागदाला आणि भडक रंगांना भुलू नये. एक चित्र घ्यावे आणि शब्द हाताने झाकून पाहावे. नुसत्या चित्रावर मूल काही बोलू शकते का? पात्र सर्व पानांवर तेच आहे का? ऊस उसासारखा आणि बैल बैलासारखा आहे का? मुखपृष्ठावर किंवा आत चित्रकाराचे नाव आहे का? तेही पाहावे आणि मुलाला वाचून दाखवावे, म्हणजे चित्र कोणीतरी माणूस काढतो हे त्याला कळेल. आणि घाई करू नये. मजकूर संपला म्हणून पान उलटू नये, मूल उलटील तेव्हाच उलटावे.

आमच्या गुरुजींनी एक गोष्ट केली. जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी मुलांकडून नवी अंकलिपी काढून घेतली. 'क' कोयत्याचा झाला, 'ट' टायरगाडीचा, 'स' सीताफळाचा. 'ऊ' अर्थातच त्या मुलाकडे गेला. त्याने ऊस खालपासून काढायला घेतला. पेरे मोठ्या हौसेने काढले, आणि वर पोचेपर्यंत कागद संपला. वाढ्याला जागाच उरली नाही. क्षणभर तो गोंधळला. मग उठला, दुसरा कागद आणला, वरच्या कडेला खळीने चिकटवला आणि त्याच्यावर हिरवेगार वाढे काढले.

बाकीच्या पानांपेक्षा दुप्पट उंच असे ते पान त्या शाळेच्या भिंतीवर मी नंतर पाहिले. वाचकहो, आज घरातले कोणतेही एक सचित्र पुस्तक काढा आणि मुलाला जवळ घ्या. "हे काय आहे?" असे परीक्षकासारखे विचारू नका. "यात तुला काय काय दिसतंय?" एवढेच विचारा, आणि ते सांगेल ते नीट ऐका.